तेल सुटू द्यायचं नाही

खामगावच्या घाऊक किराण्यात काजू मागितले की भाव नंतर सांगतात. आधी विचारतात, "कशाला पाहिजेत?" प्रश्न आगाऊपणाचा नसतो. मांडणीवर पत्र्याचे डबे ओळीनं असतात आणि प्रत्येक डब्यातला काजू वेगळ्या कामाचा. दोनशेचाळीस, तीनशेवीस हे आकडे एका पौंडात किती गर बसतात ते सांगतात. आकडा जितका लहान, तितका काजू मोठा आणि महाग. त्याखालोखाल पाकळी, मग तुकडा, मग कणी. ताटात दिसायचा असेल तर अख्खा, रश्श्यात वाटून जायचा असेल तर तुकडा, बिस्किटाला कणी.

मी म्हटलं, मार्झिपानला हवेत.

दुकानदारांनी चष्मा वर केला. काजूकतलीसारखंच असतं, पण साच्यात घालून फळं, फुलं करतात, नाताळात करतात, असं मी सांगितलं. "दळायचेच आहेत ना? मग तुकडा घ्या. अख्ख्याचे पैसे कायले देता?" एवढं बोलून त्यांनी तागडीत माप टाकलंसुद्धा. मार्झिपान हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता, पण त्याचा खर्च कुठं वाचतो हे त्यांना लगेच कळलं.

या वर्षी दिवाळी अंकाच्या संपादकांनी विषय दिला होता 'घराण्याची कृती'. गाण्याचं घराणं असतं तसं स्वयंपाकघराचं. बुलढाणा जिल्ह्यातून अशा विषयावर लिहायचं तर शेगावची कचोरी समोर येते, पण तिच्यावर इतकं लिहून झालंय की तिला आता थोडी विश्रांती हवी. मला माहीत होतं ते बुलढाणा शहरातलं एक घर, जिथं गेली कित्येक वर्षं नाताळात मार्झिपान होतं आणि शेजारपाजारच्या घरांत 'टीचरची कतली' म्हणून ओळखलं जातं. खामगावचे काजू घेऊन बोथ्याच्या घाटानं वर निघालो ते त्या घरी.

घाटावरचं घर

आमच्या जिल्ह्यात माणूस स्वतःची ओळख सांगताना तालुक्याच्याही आधी घाट सांगतो. खामगाव, शेगाव, मलकापूर, नांदुरा, जळगाव जामोद हे घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेड राजा घाटावर. खाली पूर्णेचं खोरं, काळी माती, कापूस आणि उन्हाळ्यात भाजून काढणारं ऊन. वर अजिंठ्याच्या डोंगररांगेवरची हवा, जिच्यापायी इंग्रजांनी जिल्ह्याची कचेरी बुलढाण्याला नेली. गोड पदार्थ करणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो. ते पुढे येईलच.

टीचर मूळच्या मुंबईच्या, वांद्र्याच्या एका गावठाणातल्या. यजमान बँकेत. बदली होऊन बुलढाण्याला आले आणि इथंच राहिले. बाईंनी शाळेत गणित आणि इंग्रजी शिकवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी भाजीवालीपासून तहसीलदारापर्यंत सगळे त्यांना टीचरच म्हणतात. घरात बोलतात ती मराठी वांद्र्याची आहे, फाटकाबाहेर पाऊल टाकलं की वऱ्हाडी होते. त्यांच्या समाजाला ईस्ट इंडियन म्हणतात. उत्तर कोकणातले, पोर्तुगीजांच्या काळात ख्रिस्ती झालेले, मराठीचीच बोली बोलणारे हे लोक. गोव्याकडून आणि मंगळूरहून मुंबईत आलेल्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण इथले मूळचे, हे सरकारदरबारी ठसावं म्हणून त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन काढली. तेव्हापासून हे नाव पक्कं झालं.

वऱ्हाडात ख्रिस्ती घर तसं नवलाचं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या काळात अलायन्स मिशनचे अमेरिकन मिशनरी अकोला-अमरावती भागात आले, खामगावला त्यांचं ठाणं झालं, चर्च उभी राहिली. पण ती परंपरा प्रोटेस्टंट, आणि त्या घरांतला नाताळचा फराळ म्हणजे करंज्या, चकल्या, शेव, अनारसे. दिवाळीचाच डबा पुन्हा एकदा भरायचा. म्हणजे मार्झिपान इथल्या ख्रिस्ती घरांनाही पाहुणंच. टीचरांनी पहिल्या नाताळात चर्चमध्ये ताट नेलं तेव्हा एका आजीनं लाल-पिवळा आंबा हातात घेऊन विचारलं होतं, "हा खायचा, की झाडाले टांगायचा?"

बदाम नव्हते, काजू होते

मार्झिपान म्हणजे मुळात बदाम आणि साखर, बारीक वाटून एकजीव केलेली. युरोपात दोन शहरं त्याच्यावर हक्क सांगतात. उत्तर जर्मनीतलं ल्यूबेक आणि स्पेनमधलं तोलेदो. दोघांची दंतकथाही एकच: शहरावर उपासमार आली, पीठ संपलं, कोठारात फक्त बदाम आणि साखर उरली, मग त्याचीच भाकरी केली. ल्यूबेकवाले ही गोष्ट १४०७ सालाची म्हणून सांगतात, तोलेदोवाले १२१२ च्या लढाईनंतरची म्हणून. इतिहासकार दोन्ही मानत नाहीत, आणि छप्पन्नच्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढलेला वऱ्हाडी माणूसही मानणार नाही. कोठारात बदाम-साखर शिल्लक असलेल्या गावाला आमच्याकडे दुष्काळी गाव म्हणत नाहीत. खरी वाट बहुधा अशी, की ऊस आणि साखर इराण-अरबस्तानातून भूमध्य समुद्राच्या काठानं युरोपात गेली आणि बदामाची मिठाई तिच्या सोबतीनं गेली.

पोर्तुगीजांनी ती समुद्रानं गोव्यात, वसईत, मुंबईत आणली. इथं बदाम परका आणि महाग. पण त्याच पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून काजू आणून किनाऱ्यावर लावला होता. गोव्यातल्या आणि वांद्र्यातल्या बायकांनी बदामाच्या जागी काजू घातला आणि प्रकरण मिटवलं. आज गोव्याच्या नाताळच्या ताटात, ज्याला कुस्वार म्हणतात, नेवऱ्या, कुलकुल, दोदोल यांच्या शेजारी जे मार्झिपान दिसतं ते बहुतेक काजूचंच असतं. ल्यूबेकचा मिठाईवाला त्याला मार्झिपान म्हणणार नाही. न म्हणो.

बदली मात्र नुसत्या चवीची नव्हती. शंभर ग्रॅम बदामात साधारण पन्नास ग्रॅम तेल असतं, काजूत चव्वेचाळीसच्या आसपास. शिवाय काजूत पिष्ट बरंच असतं, ते साखरेच्या पाकात फुगतं आणि लगदा धरून ठेवतं. म्हणून काजूचा गोळा बदामापेक्षा लवकर आवळतो, कमी ओशट होतो आणि अंड्याशिवायही उभा राहतो. आपल्या हलवायांची काजूकतली नेमकी याच गुणावर उभी आहे. मार्झिपान आणि कतली यांत फरक शोधायला बसलं तर तो गुलाबपाण्याचा, बदामाच्या इसेन्सचा आणि आकाराचा. बाकी दोघी सख्ख्या बहिणीच.

त्या इसेन्सचीही एक गंमत आहे. आपण ज्याला बदामाचा वास म्हणतो तो खाण्याच्या गोड बदामाला फारसा नसतोच. तो कडू बदामाचा वास. कडू बदाम मूठभर खाल्ले तर जिवावर बेततं, म्हणून युरोपात मार्झिपानमध्ये ते पूर्वी अगदी मोजके घालत. आता बाटलीतले दोन थेंब ते काम करतात. टीचर एकच घालतात. "दुसऱ्या थेंबाला औषधाचा वास येतो," म्हणाल्या.

मिक्सरचं झाकण

गणपती नुकतेच गेले होते आणि हवा दमट होती. मार्झिपान करायला अगदी वाईट दिवस. साखर हवेतलं पाणी ओढते आणि गोळा चिकटत राहतो. टीचरांना ते ठाऊक होतं, पण दिवाळी अंक नाताळापर्यंत थांबत नाही.

आईची वही त्यांनी काढून ठेवली होती. त्या पानावर लिहिलंय ते एवढंच: काजू अर्धा शेर, साखर तितकीच किंवा किंचित कमी, दोन अंड्यांचं पांढरं, गुलाबपाणी पुरेसं, आच मंद, सुटेपर्यंत ढवळणे. शेर गेला त्याला साठाहून अधिक वर्षं झाली. 'पुरेसं' आणि 'सुटेपर्यंत' हे दोन शब्द मात्र अजून चालतात, आणि सगळी कृती त्यांच्यातच आहे.

सुरुवात ओट्यावर नाही, फ्रिजमध्ये झाली. मिक्सरचं भांडं आणि पातं त्यांनी सकाळीच आत ठेवलं होतं. काजू मात्र आधी कोरड्या कढईत कोमट करून, ताटात पसरून, पूर्ण निववून घेतलेले. भाजायचे नाहीत, रंगाचा ठिपकासुद्धा पडला तर मार्झिपान मातकट दिसतं. फक्त पावसाळ्याची ओल जायला हवी. भांड्यात काजू घातले, त्यावर दोन चमचे साखर. कोरडी साखर कणांच्या मध्ये जाते, सुटणारं तेल शोषते आणि धारही देते.

मग बटण. एक झटका, बंद. भांडं हलवलं. पुन्हा एक झटका, बंद. असं पाच-सहा वेळा, आणि दर दोन झटक्यांनी टीचर झाकण उघडून आत नाक घालत. मी विचारलं, वास कसला घेता? "ओल्या काजूचा वास येतो तोवर चालवायचं. तेलाचा आला की हात काढायचा. तेल सुटू द्यायचं नाही, बस. बाकी सगळं दुरुस्त होतं."

यामागचं शास्त्र सरळ आहे. काजूच्या, बदामाच्या प्रत्येक पेशीत तेलाचे सूक्ष्म थेंब प्रथिनांच्या आवरणात गुंडाळून ठेवलेले असतात. पातं पेशी फोडतं. थोडक्यात थांबलं तर थेंब आवरणासकट तसेच राहतात आणि पूड मोकळी येते. पातं फिरत राहिलं की घर्षणानं भांडं तापतं, आवरणं फाटतात, थेंब एकमेकांत मिसळतात आणि पुडीचं लोणी होतं. त्या लोण्यात पाक घातला तर पाक एकीकडे आणि तेल दुसरीकडे. वड्या पाडल्या तरी दुसऱ्या दिवशी डब्याच्या तळाशी तेल येतं. युरोपातल्या कारखान्यांत म्हणून ओलसर बदाम साखरेसोबत रुळांमधून काढतात. पाणी असलं की तेल ताब्यात राहतं.

पूड मैद्याच्या चाळणीनं चाळली. वर राहिलेला जाडसर भाग पुन्हा भांड्यात, पुन्हा दोन झटके. जाड बुडाच्या कढईत साखर, ती जेमतेम भिजेल इतकं पाणी. पाक एकतारी: अंगठा आणि तर्जनीत थेंब दाबून बोटं फाकवली की एक तार येते आणि तुटत नाही. तापमापक लावला तर तो एकशेपाच-सहा अंशांच्या आसपास दाखवेल, पण टीचरांच्या घरात तापमापक फक्त तापाचा आहे. पाक पुढे गेला तर साखर नंतर कणीदार होते, मागे राहिला तर गोळा आवळत नाही. गॅस बारीक, पूड आत, आणि लाकडी उलथनं तळाला घासत फिरतं ठेवायचं.

आधी ते खिरीसारखं सैल असतं. मग ढवळताना तळ क्षणभर दिसायला लागतो आणि लगेच झाकला जातो. त्यानंतर एकदम, दोन-तीन मिनिटांच्या आत, सगळा लगदा कडा सोडून उलथन्याभोवती गोळा होतो. हेच वहीतलं 'सुटेपर्यंत'. टीचरांनी बोटं गार पाण्यात बुडवली, कणभर लगदा घेऊन गोळी वळली. बोटाला चिकटली नाही. गॅस बंद. इसेन्स, गुलाबपाणी, तुपाचा हात, आणि गरम असतानाच मळायला सुरुवात. ही मळणी कुणी टाळतं आणि मग वडी खरखरीत लागते. पाक निवताना साखरेचे स्फटिक बनतात. सतत मळत राहिलं तर ते बारीक राहतात, जिभेला जाणवत नाहीत.

"आणि तेल सुटलंच तर?"

"चमचाभर कोमट दूध, आणि शांतपणे मळायचं. घाबरून पिठीसाखर ओतायची नाही. तिनं तेल दिसेनासं होतं, जात नाही."

पांढरं कुठं गेलं

वहीत अंड्याचं पांढरं आहे, कढईत नव्हतं. त्याची गोष्ट शेजारधर्माची आहे. टीचर बुलढाण्यात आल्या त्या वर्षी दिवाळीत आळीतल्या घरांतून त्यांच्याकडे फराळाची ताटं आली. ताट रिकामं परत करायचं नसतं, हे वांद्र्यालाही ठाऊक असतं. नाताळात त्यांनी मार्झिपान भरून ताटं परत केली आणि मग कुणीतरी सहज विचारलं, यात काय काय असतं. टीचरांनी खरं सांगितलं. निम्म्या घरांत ते ताट तसंच उंबऱ्याशी राहिलं.

पुढच्या वर्षापासून अंडं गेलं. वांद्र्याच्या भावजयीनं फोनवर नाक मुरडलं, पण काजूत पिष्ट असल्यानं गोळ्याचं काही अडलं नाही. अंड्याचं पांढरं घातलेलं मार्झिपान जरा हलकं आणि लवचिक होतं, बारीक नक्षीला बरं. अंड्याविना ते कतलीच्या जवळ जातं, मऊ पण घट्ट. टीचर आता घरच्यांसाठीही अंडं घालत नाहीत. दोन कढया कोण घासणार?

या ठिकाणी माझं एक मत आहे. आईच्या कृतीत फेरफार केला की लोक हळहळतात. पण वही काळजीपूर्वक पाहिली तर तिच्यातला काजू हाच मुळी फेरफार आहे. जी आजी बदामाऐवजी काजू घालून मोकळी झाली, तिच्या नातीनं अंडं काढलं तर घराणं बुडत नाही.

शेंगदाण्याची पाळी

मळणी चालू असताना शेजारच्या वहिनी आल्या होत्या. त्यांच्याकडे गुरुवार असतो. शेगाव जवळ असल्यानं आमच्या भागात गुरुवार पाळणारी घरं पुष्कळ. उपासाला त्या शेंगदाण्याची कतली करतात, आणि तिच्या चौकोनी वड्या त्यांनी सोबत आणल्या होत्या. फिकट, मऊ, जवळजवळ काजूच्या रंगाच्या.

काजूच्या भावात सहा-सात पट शेंगदाणा येतो, म्हणून ही कतली घरोघर होते. पण ती स्वस्त आहे म्हणून सोपी आहे असं नाही. वहिनींच्या कामाला सुरुवात निवडण्यापासून होते. सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा डाग असलेला दाणा त्या बाहेर काढतात. चवीसाठी तर खरंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेंगदाण्यावर वाढणाऱ्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजून जात नाही. मग अगदी मंद आचेवर, फक्त टरफल सुटेल आणि कच्चट वास जाईल इतकंच भाजायचं. तांबूस झाला की त्याची चिक्की करा, कतली नाही. साल काढून, पाखडून, वरची दोन्ही दलं वेगळी झाल्यावर मधला कोंबही जमेल तितका उडवायचा, तो कडवट असतो. दळताना पुन्हा तेच झटके, तीच धास्ती. शेंगदाण्यात तेल बदामाइतकंच, आणि काजूसारखं पिष्ट नाही. म्हणून वहिनी दळताना दूधपावडर घालतात. ती तेल ओढते, रंग उजळते आणि गोळा धरते.

टीचरांनी एका वर्षी काजू महाग झाल्यावर वहिनींच्या हातची हीच कृती उचलली, गुलाबपाणी घातलं, साच्यात दाबली. वहिनींना ते फार आवडलं नाही. "दाण्याले गुलाबाचा वास कायले? दाण्याचा वास दाण्याले बरा." टीचरांनी मान्य केलं आणि पुढच्या वेळी गुलाबपाण्याऐवजी वेलची घातली.

हे मार्झिपान म्हणायचं का? जगात तसं म्हणणारा एक मोठा देश आहे. मेक्सिकोत मार्झिपान मागितलं तर हातात पडतं ते बहुधा शेंगदाण्याचंच: दे ला रोसा या कंपनीची, गुलाबाचं चित्र असलेल्या कागदातली गोल चकती, हात लावताच भुगा होणारी. स्पेनची माणसं तिकडे गेली, बदाम नव्हता, भुईमूग होता. गोव्यात काजूचं झालं ते तिकडे दाण्याचं झालं. आणि भुईमूगही काजूसारखाच दक्षिण अमेरिकेतून आपल्याकडे आलेला. म्हणजे वहिनींच्या उपासाच्या वडीत वऱ्हाडचं मूळचं काय असेल तर साखर. तिचा जन्म तरी या बाजूचा आहे.

अस्सल आपल्या रानातलं हवं तर चारोळी आहे. सातपुड्याच्या रानात होते, फोडायला जिकिरीची, पण वाटली की बदामाच्या फार जवळ जाते. पलीकडे मध्य प्रदेशात सागर शहर चारोळीच्या बर्फीसाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडे ती श्रीखंडावर आणि बासुंदीत शोभेपुरती राहिली.

नावावर काय लिहायचं

परत खाली येताना खामगावात एका हलवायाचा कारखाना पाहिला. दिवाळीच्या तोंडावर तिथं काजूकतलीचे घाण्यावर घाणे निघतात. कारागीर राजस्थानचे. त्यांची रीत वेगळी: काजू दोन-तीन तास पाण्यात भिजवून ओलेच वाटतात, त्यामुळे तेल सुटण्याचा धोकाच राहत नाही, मग लगदा आणि साखर एकत्र आटवतात, पाक वेगळा करत नाहीत. गरम गोळा प्लास्टिकच्या दोन कागदांत लाटून, वर्ख लावून, शंकरपाळ्यासारखा कापला की संपलं. एक कारागीर न थांबता खुरपा चालवत होता आणि दुसऱ्याशी मारवाडीत गप्पा मारत होता. नजर मात्र कढईच्या कडेवर.

मालकांना शेंगदाण्याबद्दल विचारलं. ते हसले नाहीत. "दाण्याची कतली दाण्याची म्हणून विका, कोणाचं काही म्हणणं नाही. काजूच्या भावात दाणा घालतात, तिथं भांडण आहे." दिवाळीत अन्न व औषध प्रशासनाच्या धाडीच्या बातम्या येतात त्या बहुतेक खव्याच्या असतात, पण काजूच्या कतलीत दाणा ही जुनी युक्ती आहे. चवीपलीकडे त्यात एक खरा धोकाही आहे. ज्याला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे त्याचा जीव जाऊ शकतो. २०२० च्या आपल्या लेबलच्या नियमांत पाकीटबंद पदार्थावर शेंगदाणा आहे का हे लिहावं लागतं. ट्रेमधून तोलून दिलेल्या मिठाईला पाकीट कुठून आणणार?

जर्मनांनी या भानगडीवर काढलेला तोडगा मला मोठा मजेशीर वाटतो. तिथं जर्दाळूच्या आणि पीचच्या बियांपासून मार्झिपानसारखाच स्वस्त लगदा करतात, त्याला पेर्सिपान म्हणतात. तो कुणी मार्झिपान म्हणून खपवू नये यासाठी त्यात अर्धा टक्का पिष्ट मुद्दाम घालायचं, असा नियम आहे. बदामात पिष्ट जवळपास नसतं. आयोडीनचा थेंब टाकला की निळा रंग चुगली करतो. ल्यूबेकच्या मार्झिपानला तर १९९६ पासून भौगोलिक मानांकनाचं संरक्षण आहे. गंमत अशी, की हीच चाचणी आमच्या काजूच्या मार्झिपानवर केली तर तेही निळं पडेल. काजूत पिष्ट जन्मजात.

टीचर विकत नाहीत, त्यामुळे लेबलाचा प्रश्न त्यांच्याकडे नाही. तरी ताटावर चिठ्ठी असते: काजू, किंवा दाणा. पहिल्या नाताळानंतरची सवय.

संत्र्याची साल

साचे जुने आहेत, रबरी, क्रॉफर्ड मार्केटजवळून आईनं घेतलेले. आंबा, द्राक्षांचा घोस, गुलाब, मासा. आत तुपाचा हात किंवा चिमूटभर पिठीसाखर, गोळी दाबायची, कडेला जास्तीचं पुसायचं, साचा उलटा करून मागून अंगठ्यानं रेटायचं. रबर आता कडक झालंय आणि गुलाबाची एक पाकळी दर वेळी आतच राहते. मधल्या काळात घरात गणपतीच्या मोदकांचा प्लास्टिकचा साचा आला, तर टीचरांनी त्यातही मार्झिपान दाबलं. चर्चमध्ये पानावर मोदकाच्या आकाराचं मार्झिपान आलं तेव्हा कुणी काही बोललं नाही, सगळ्यांनी खाल्लं.

पण त्यांचा खरा हात दिसतो तो साच्याबाहेर. संत्रं करायचं तर केशरी रंगाचा गोळा किसणीच्या बारीक बाजूवर अलगद फिरवायचा; सालीची छिद्रं हुबेहूब उठतात. वर लवंग उलटी टोचली की देठ. संग्रामपूर-जळगाव जामोदकडच्या बागेतलं वाटावं असं. सीताफळ त्याहून अवघड. फिकट हिरव्या गोळ्यावर चमच्याच्या टोकानं खालून वर खवले दाबत जायचे, प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या फटीत बसवायची. खवल्यांच्या मधल्या भेगांत कोकोची पूड ब्रशनं भरली की पिकलेलं दिसतं. एक सीताफळ होईतो माझा चहा गार झाला होता. टीचरांची नात शेजारी बसून तेच करत होती. तिचं सीताफळ अननसाकडे झुकत होतं. टीचरांनी पाहिलं आणि नुसतं म्हणाल्या, "खालून वर."

ईस्टरची पंचाईत

नाताळ बुलढाण्याच्या थंडीत येतो, त्याची चिंता नसते. तेव्हाचं मार्झिपान लोणीकागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस सहज राहतं. फ्रिजमध्ये उघडं ठेवलं तर मात्र कडक होतं; युरोपात त्यावर चॉकलेटचा थर देतात, तो ओल आत ठेवतो.

अडचण ईस्टरची. मार्च-एप्रिलचा सण, आणि ईस्टरला मार्झिपानची अंडी करण्याची वांद्र्याची चाल. घाटावर पंखा लावून निभतं. पण टीचरांची मुलगी घाटाखाली मलकापूरला दिली आहे, आणि तिथं एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात साखर ओली होत नाही, पण तेल पातळ होऊन वर येतं. अंड्यांना घाम फुटतो. चॉकलेटचा थर तर पेटी उघडेपर्यंत टिकत नाही. म्हणून ईस्टरला दाणा पूर्ण बंद. फक्त काजू, साखर नेहमीपेक्षा किंचित जास्त, मळताना तुपाऐवजी पाण्याचा हात, आणि अंडी लहान, एका घासाची. शनिवारी रात्री करायची, रात्रभर जाळीखाली उघडी सुकवायची, आणि रविवारी पहाटेच्या पहिल्या एसटीनं, ऊन चढायच्या आत, राजूरच्या घाटानं खाली पाठवायची. डबा कंडक्टरच्या ओळखीचा झाला आहे. तो इंजिनापासून लांब, मागच्या सीटखाली ठेवतो.